हसण्याची सक्ती आणि २०१६चा तो निकाल

कामावर सक्तीने हसावं लागण्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, अमेरिकेत हे बेकायदा ठरलंय. रोख तिथल्या केंद्रीय कामगार मंडळाच्या एप्रिल २०१६च्या निकालाकडे असतो. निकाल खरा आहे. पण ज्या नियमावर तो होता त्यात हसण्याचा उल्लेखसुद्धा नव्हता, आणि सव्वा वर्षात निकालाचा तो भाग मोडीतही निघाला.

फार मागे जायची गरज नाही. १८६२ साली एका फ्रेंच डॉक्टराने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके देऊन केलेल्या प्रयोगांवरून मांडलं की ओठ हुकमाने ताणता येतात, डोळ्याभोवतीचा स्नायू मात्र सहसा हुकूम मानत नाही. धंद्याला याच्याशी कर्तव्य नव्हतं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका विमान कंपनीने विमानांच्या नाकावर हसरी रेघ रंगवली आणि जाहिरातीत सांगितलं, आमच्या माणसांचं हसू असं नुसतं रंगवलेलं नसतं. १९८३ साली हवाई सेविकांवरचा एक समाजशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला एक किस्सा अजून सांगितला जातो. ‘तू हसत का नाहीस?’ असं विचारणाऱ्या प्रवाशाला सेविका म्हणाली, आधी तुम्ही हसा. तो हसला. मग ती म्हणाली, आता पंधरा तास तसंच राहा.

पुढच्या वादाचं मूळ मात्र विमानात नाही, किराणा-भाजीच्या दुकानात आहे. १९९८ साली उत्तर कॅलिफोर्नियात एका मोठ्या सुपरमार्केट साखळीच्या कर्मचाऱ्यांनी युनियनमार्फत तक्रारी केल्या. नियम असा होता: ग्राहकाच्या नजरेला तीन सेकंद नजर द्यायची, हसायचं, आणि चेक किंवा कार्डावरून नाव कळलं तर नावाने आभार मानायचे. पाळत ठेवायला कंपनीने नेमलेली माणसं गिऱ्हाईक बनून यायची आणि गुण द्यायची. कमी गुण पडले की दिवसभराच्या प्रशिक्षणाला पाठवणी. कर्मचाऱ्यांनी त्याचं नाव ‘हसायची शाळा’ ठेवलं होतं. तक्रारी मुख्यतः बायकांच्या होत्या. अनोळखी पुरुषाकडे तीन सेकंद बघून हसलं की त्यातल्या काहींना ते निमंत्रणच वाटतं. भाजी विभागातल्या एकीने सांगितलं की रोज कुणी ना कुणी लगट करायला बघतो. कंपनीने धोरणाचं समर्थनच केलं. या प्रकरणाची बातमी झाली, चेष्टाही बरीच झाली, आणि मूळ मुद्दा त्या चेष्टेत वाहून गेला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात नेमकी तक्रार तीच होती.

तोवर हसू फोनवरही पोचलं होतं. फोन घेण्याआधी हसा, समोरच्याला ते ऐकू जातं, ही शिकवण अमेरिकेतून आपल्याकडे कॉल सेंटरांबरोबर आली. ओठ फाकले की आवाज बदलतो हे खरंच आहे. मॉनिटरशेजारी छोटा आरसा लावायची पद्धतही त्यातूनच आली. पुण्यात किंवा नवी मुंबईत रात्रपाळी केलेल्यांना ती वेगळी सांगायला नको.

२०१६चं प्रकरणही एका मोबाइल सेवा कंपनीचं, आणि तिच्या कॉल सेंटरांशी जोडलेलं. कर्मचारी पुस्तिकेत लिहिलं होतं की सगळ्यांनी ‘सकारात्मक वातावरण’ राखावं, म्हणजे ग्राहक, सहकारी आणि वरिष्ठ यांच्याशी संबंध चांगले राहतील असं बोलावं. १९३५च्या कायद्याने कर्मचाऱ्यांना पगार, पाळ्या, युनियन याबद्दल एकत्र येऊन बोलायचा हक्क आहे. तो सांभाळणाऱ्या केंद्रीय मंडळाची २००४पासूनची एक कसोटी अशी होती की नियम वाचून साध्या कर्मचाऱ्याला आपला हा हक्क गेला असं वाटेल का. मंडळ म्हणालं, वाटेल. पगारावरून वाद घालणं, युनियन हवी की नको यावर भांडणं हे ‘सकारात्मक’ कसं दिसणार? तेव्हा नियम बेकायदा.

हा निकाल कर्मचाऱ्यांनी आपसात काय बोलावं याबद्दलचा होता. गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं की नाही, हा प्रश्न मंडळापुढे नव्हताच. मथळे मात्र ‘साहेब तुम्हाला आनंदी राहायला लावू शकत नाही’ अशा धाटणीचे आले. ते का आले हेही समजण्यासारखं आहे. रस्त्यात बायकांना ‘जरा हस की’ म्हणणाऱ्यांना उत्तर देणारी पोस्टर्स ब्रुकलिनच्या भिंतींवर २०१२पासून लागत होती. निकालाच्या आदल्याच महिन्यात अध्यक्षपदाच्या शर्यतीतल्या उमेदवार बाई प्राथमिक फेऱ्या जिंकून भाषण करत असताना एका टीव्ही सूत्रसंचालकाने ट्विटरवरून त्यांना हसायचा सल्ला दिला होता. त्यावर रान उठलं होतं. अशा हवेत ‘सकारात्मक’चा अर्थ लोकांनी हसणं असाच लावला.

जुलै २०१७मध्ये अपील न्यायालयाने मंडळाचं हे म्हणणं फेटाळलं. सभ्यपणे वागा म्हटल्याने कुणा शहाण्या माणसाला युनियनबंदी झाल्यासारखं वाटत नाही, असा त्याचा एकूण सूर. त्याच पुस्तिकेतली कामाच्या जागी रेकॉर्डिंग करायला असलेली बंदी तेवढी बेकायदाच राहिली. डिसेंबर २०१७मध्ये मंडळाने २००४ची कसोटीच काढून टाकली, सरकार बदललं, आणि ऑगस्ट २०२३मध्ये पुन्हा कर्मचाऱ्यांच्या बाजूने झुकणारी कसोटी आणली. म्हणजे २०१६चा दाखला देणाऱ्याने निदान तारीख तरी बघावी.

इकडे हसू मोजणं यंत्रावर गेलं. २००९मध्ये टोकियो परिसरातल्या एका खासगी रेल्वे कंपनीने स्थानकांवरच्या पाचशेहून अधिक कर्मचाऱ्यांसाठी कॅमेरा बसवला. कामावर उभं राहण्यापूर्वी त्यासमोर हसायचं, शंभरपैकी गुण मिळवायचे. बीजिंगमधल्या एका कार्यालयात कॅमेऱ्याला हसरा चेहरा दिसला तरच दार उघडायचं. २०२१ साली त्याच्या बातम्या आल्या, कंपनीचा खुलासा होता की हे वातावरण खेळीमेळीचं राहावं म्हणून आहे.

यातल्या कुठल्याच टप्प्यावर १९९८च्या त्या बायकांचा प्रश्न मध्यभागी आला नाही. नियमाप्रमाणे हसल्यावर गिऱ्हाईक अंगचटीला आलं तर जबाबदारी कुणाची, हे ‘सकारात्मक वातावरणा’च्या खटल्यात विचारायचं कारणच नव्हतं. अमेरिकेत त्यासाठी लैंगिक छळाचा वेगळा कायदा धरावा लागतो, आणि तिथे प्रत्येक तक्रार स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते.