ओट्सचा चिकटपणा, लाल यीस्टचा तांदूळ आणि एक ग्लास ग्रेपफ्रूट ज्यूस

ओट्स शिजवताना पातेल्याला जो चिकट, बुळबुळीत थर धरतो ना, हृदयासाठी ओट्स खा असं सगळे सांगतात त्याचं कारण तो थर आहे. त्यात बीटा-ग्लुकन नावाचं विरघळणारं फायबर असतं. आपल्याला ते पचत नाही, आतड्यात जाऊन त्याचा जेलसारखा लगदा होतो. आता लिव्हर काय करतं, तर कोलेस्टेरॉल वापरून पित्तातली आम्लं बनवतं, ती चरबी पचवायला आतड्यात उतरतात आणि काम झालं की जवळजवळ ९५ टक्के परत शोषली जाऊन लिव्हरकडे येतात, म्हणजे तोच माल फिरून फिरून वापरला जातो. हा जेल त्यातली थोडी आम्लं पकडतो आणि शौचावाटे बाहेर नेतो, मग तेवढी नवीन बनवायला लिव्हरला रक्तातलं एलडीएल, म्हणजे आपण ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, ओढून घ्यावं लागतं आणि रिपोर्टमधला आकडा उतरतो.

किती उतरतो? रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स, तर ५ ते ७ टक्के. बार्लीचंही तसंच. काहींना हे कमी वाटेल पण रोजच्या खाण्यातून एवढं मिळत असेल तर मला ते खूप वाटतं. पण स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा, मध्यम डोस हेच एलडीएल ३० टक्क्यांहून जास्त उतरवतो, त्यामुळे ओट्स सुरू केले म्हणून मनानेच गोळी बंद करणं फार महागात पडू शकतं. पूरक म्हणजे जोडीला घ्यायचं, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

कॅप्सूलचंही तसंच बघा. २०२२ मध्ये स्पोर्ट नावाच्या एका ट्रायलचे निकाल आले. जवळपास २०० माणसं, २८ दिवस. काहींना ५ मिलीग्रॅम रोसुव्हास्टॅटिन, म्हणजे एक स्टॅटिनच, बाकीच्यांना फिश ऑइल, लसूण, दालचिनी, हळद, प्लांट स्टेरॉल किंवा लाल यीस्टचा तांदूळ (लाल बुरशी वाढवून आंबवलेला तांदूळ) यातलं एक सप्लिमेंट, आणि एका गटाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. रोसुव्हास्टॅटिनवाल्यांचं एलडीएल साधारण ३८ टक्के उतरलं आणि सहापैकी एकही सप्लिमेंट प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. २८ दिवस हा काळ थोडा आहे हे खरं, तरी लोक या बाटल्यांवर किती पैसे घालवतात ते बघितलं की जीव तुटतो.

यातल्या लाल यीस्टच्या तांदळाची गोष्ट वेगळी आहे. १९७९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी त्या जातीच्या बुरशीतून मोनॅकोलिन-के वेगळं काढलं आणि ते निघालं लोव्हास्टॅटिनच, हुबेहूब तोच रेणू, जो १९८७ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाला. म्हणजे 'मला स्टॅटिन नको, नैसर्गिक काहीतरी द्या' म्हणून हे घेणारा माणूस स्टॅटिनच घेत असतो, तेही किती घेतोय ते माहीत नसताना, कारण एका बाटलीत भरपूर असतं आणि दुसरीत जवळपास काहीच नसतं. स्नायू दुखणं, लिव्हरचा त्रास, हे दुष्परिणामही तेच. त्यात डॉक्टरांनी दिलेलं स्टॅटिन आधीच चालू असेल तर डबल डोस.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती औषधं एकमेकांत अडकतात त्याची. १९८९ मध्ये कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन हे बीपीचं औषध आणि दारू यांचा एकत्र परिणाम तपासत होते, दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा, म्हणजे पपनसासारख्या आंबट-कडू फळाचा, ज्यूस वापरला आणि रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. कारण नंतर कळलं. आतड्याच्या अस्तरात एक एन्झाइम असतं, ते औषधाचा मोठा भाग आत शिरण्याआधीच मोडून टाकतं, आणि गोळीचा डोस हे धरूनच ठरवलेला असतो. ग्रेपफ्रूट त्या एन्झाइमलाच निकामी करतं, नवीन तयार व्हायला एक दिवसाहून जास्त लागतो, म्हणून सकाळी ज्यूस आणि रात्री गोळी अशी पळवाट चालत नाही. सिमव्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवाच.

वॉरफरिनवाल्यांची अडचण उलटी. ही रक्त पातळ करणारी गोळी व्हिटॅमिन-केच्या विरोधात काम करते आणि हिरव्या पालेभाज्यांत तेच भरपूर असतं. बरेच जण घाबरून भाज्या सोडतात, सोडू नका, आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवा, म्हणजे डोस त्याच्याशी जुळवता येतो. जेष्ठमध रोज भरपूर खाल्लं तर शरीरात मीठ धरून राहतं, पोटॅशियम कमी होतं आणि बीपी चढतं.

मिठाचं थोडक्यात, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, नेहमीच्या मिठाऐवजी २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं, २०२१ मध्ये निकाल आला आणि स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी दिसले. पण किडनीचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय हे मीठ घेऊ नका, पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात.

आणि श्वास. मिनिटाला साधारण ६ श्वास, शांतपणे, असं रोज थोडा वेळ केलं तर बऱ्याच जणांचं बीपी थोडं उतरतं, मानेतल्या धमन्यांमध्ये दाब मोजणारे सेन्सर असतात त्यांचा प्रतिसाद सुधारतो. ध्यान, योग यांचाही थोडा फायदा दिसतो, पुरावा अजून मध्यमच आहे, पण गोळ्यांशी भांडण नाही आणि खर्चही नाही म्हणून मी हे आनंदाने सुचवते.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, कॅप्सूल एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर मांडा, हर्बल असलं तरी. ऑपरेशन ठरलं असेल तर हे तारखेच्या बरंच आधी करा, कारण लसूण, गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) असल्या कॅप्सूलने रक्त गोठायला वेळ लागू शकतो आणि त्या किती दिवस आधी बंद करायच्या ते सर्जनलाच ठरवू द्या.