वेग आणि उडी यांसाठी ताकदीचे प्रशिक्षण : खेळाडू व पालकांसाठी माहितीपत्रक

आमच्या केंद्रात मुलाचे नाव नोंदवल्यावर बरेच पालक पहिल्या आठवड्यात मैदानाच्या कडेला उभे राहून सराव पाहतात आणि जाताना बहुधा एकच शंका बोलून दाखवतात. चोपड्याकडच्या एका वडिलांनी ती अहिराणीत सरळ मांडली होती : "आमना पोऱ्या ते निस्ता बठेल ऱ्हास." मुलगा नुसता बसून दिसतो, घामाघूम होऊन घरी येत नाही, मग हे प्रशिक्षण कसले, असा त्या बोलण्याचा अर्थ होता. शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर प्रत्येक पालकाला मिळायला हवे, म्हणून हे माहितीपत्रक आम्ही प्रवेश अर्जासोबत देतो.

विश्रांती हा सरावाचाच भाग

समजा, एका सकाळी खेळाडूने ३० मीटरच्या सहा धावा पूर्ण वेगाने काढल्या. प्रत्येक धावेला साडेचार सेकंद धरले, तर त्याचे प्रत्यक्ष धावणे सत्तावीस सेकंदांचे झाले. दोन धावांच्या मध्ये मात्र आम्ही त्याला किमान तीन मिनिटे थांबवतो, कारण पूर्ण वेगाच्या दर १० मीटरमागे साधारण एक मिनिट विश्रांती, असा या क्षेत्रातील प्रशिक्षकांचा अनुभवसिद्ध हिशोब आहे. स्नायूंमध्ये क्रिएटिन फॉस्फेट नावाचा अत्यंत जलद ऊर्जा देणारा साठा असतो. तो पूर्ण जोराच्या प्रयत्नात काही सेकंदांतच मोठ्या प्रमाणात खर्च होतो आणि पुन्हा भरून येण्यास तीन ते पाच मिनिटे लागतात. तो भरण्याआधी मुलाला पुन्हा पळवले, तर तो पळेल, धापा टाकेल, पाहणाऱ्याला समाधानही वाटेल. पण त्याची प्रत्येक धाव आधीच्या धावेपेक्षा हळू होईल आणि शरीर त्याच हळू धावण्याची सवय लावून घेईल. दमण्याचा सराव आणि वेगाचा सराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमचे ठाम मत आहे. म्हणूनच घड्याळात धावेची वेळ वाढू लागली की ठरवलेल्या धावा शिल्लक असल्या तरी आम्ही त्या दिवसाचा वेगाचा सराव थांबवतो.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना हे विशेषकरून सांगावे लागते. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गुण १०० मीटर धावण्याचे असतात, तरीही अनेक उमेदवार रोज सकाळी आधी लांब पल्ल्याची धाव मारतात आणि मग थकल्या पायांनी १०० मीटरचा सराव करतात. हा क्रम उलटा करावा. वेगाचे काम ताज्या पायांनी, गरमावणी झाल्याबरोबर करावे आणि लांब धाव त्यानंतर, शक्य असल्यास वेगळ्या दिवशी घ्यावी.

पाय जमिनीवर किती वेळ टेकतो

उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत पार केले, तेव्हा ६० ते ८० मीटरमधील टप्पा त्याने १.६१ सेकंदांत ओलांडला आणि शेवटच्या २० मीटरला त्याला १.६६ सेकंद लागले. जगातील सर्वांत वेगवान माणूससुद्धा अखेरीस मंदावत होता. फक्त इतरांपेक्षा कमी. शाळकरी मुले आपला सर्वोच्च वेग यापेक्षा बरीच लवकर, बहुधा ३० ते ५० मीटरच्या दरम्यान गाठतात आणि पुढे तो टिकवण्याचा प्रश्न असतो. त्यामुळे सुरुवातीची महिनोन्‌महिने आम्ही १०० मीटर क्वचितच पळवतो. पहिल्या ३० मीटरमध्ये वेग कसा घ्यायचा, यावरच बहुतेक काम होते.

पूर्ण वेगात असताना चांगल्या धावपटूचा पाय जमिनीवर सुमारे एक दशांश सेकंद किंवा त्याहूनही कमी काळ टेकतो आणि तेवढ्या क्षणात शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर जमिनीवर द्यावा लागतो. माणसाच्या स्नायूंना आपला पूर्ण जोर उभा करण्यास साधारण तीन दशांश सेकंद किंवा अधिक वेळ लागतो. म्हणजे धावताना पूर्ण ताकद वापरण्याइतकी सवड मिळतच नाही. ताकद वाढवणे हे पहिले काम आणि ती ताकद क्षणात बाहेर काढायला शिकणे हे दुसरे. आमचा सगळा आराखडा या दोन कामांभोवती बेतलेला आहे.

पाय कसा टेकतो, हे पाहण्यासाठी आम्ही मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करतो, पण आपल्याकडचे मुरमाचे मैदानही पुष्कळ काही सांगते. पहाटे पाणी मारून दाबलेल्या मुरमावर खेळाडूला पळवावे आणि मग त्याच्या पावलांचे ठसे वाकून पाहावेत. ठशाच्या पुढच्या बाजूला मातीचा उंचवटा साचला असेल, तर तो पाय शरीराच्या फार पुढे टाकतो आहे आणि प्रत्येक पावलाला स्वतःलाच ब्रेक लावतो आहे; चवड्याचा ठसा खोल असून माती मागे उडालेली असेल, तर तो जमीन मागे ढकलतो आहे. लांब ढांगा टाकल्या की वेग वाढतो, हा समज मुलांच्या मनातून काढायला शब्दांपेक्षा हा ठसा अधिक उपयोगी पडतो.

वजन उचलण्याविषयी

वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते, ही भीती आम्हांला दर आठवड्याला कोणीतरी बोलून दाखवते. जाणकाराच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने आणि हळूहळू वाढवत नेलेल्या वजनामुळे वाढ थांबते, असे दाखवणारा पुरावा नाही. अपाय होतो तो घाईने, चुकीच्या पद्धतीने आणि चढाओढीने उचललेल्या वजनामुळे. त्यामुळे आमच्याकडे नवा मुलगा पहिले काही आठवडे हातात लाकडी काठी घेऊनच स्क्वॅट (वजन घेऊन बैठक) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून उभे राहणे) शिकतो. गुडघे आत न वळता आणि पाठ न वाकता त्या हालचाली जमल्या, की मगच त्याला लोखंडी दांडा मिळतो. जोर-बैठका घालणाऱ्या घरांतील मुलांचा पाया बहुधा चांगला असतो, परंतु शेकड्याने मारलेल्या बैठका दमछाक टिकवायला शिकवतात. वेगासाठी लागणारी ताकद कमी वेळा उचललेल्या जड वजनातून येते. तयार खेळाडू तीन ते पाच वेळा उचलता येईल असे वजन घेऊन तीन ते पाच फेऱ्या करतो, फेऱ्यांच्या मध्ये तीन मिनिटे थांबतो आणि हात-पाय थरथरेपर्यंत कधीही जात नाही.

मुलींचे शरीर वजनांमुळे थोराड होईल, या काळजीपोटी काही पालक त्यांना व्यायामशाळेपासून दूर ठेवतात. थोड्या आवर्तनांच्या या पद्धतीत स्नायूंचा आकार फारसा वाढत नाही. मेंदूकडून स्नायूंना जाणारा आदेश अधिक जोरकस होतो आणि पहिल्या दीड-दोन महिन्यांत दिसणारी सुधारणा मुख्यतः त्यामुळेच असते. याउलट ज्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते ती अशी : सराव वाढला आणि जेवण तेवढेच राहिले, तर मुलीची पाळी अनियमित होऊ शकते. पाळी तीन महिने चुकली, तर ते शरीराला अन्न कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते, तेव्हा संकोच न करता डॉक्टरांना दाखवावे आणि आम्हांलाही कळवावे.

मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत हा धावपटूंचा नेहमीचा शत्रू आहे. त्यासाठी एक साधा व्यायाम आम्ही प्रत्येकाकडून करून घेतो : गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे आणि शरीर सरळ ठेवून जितके सावकाश जमेल तितके पुढे झुकत जायचे. फुटबॉलपटूंवरील अभ्यासांत या व्यायामाने अशा दुखापती जवळपास निम्म्या झाल्याचे दिसले आहे. पहिल्या दिवसानंतर मांडी चांगलीच दुखते, म्हणून सुरुवातीला चार-पाच आवर्तनेच घेतो.

उड्यांची मोजणी

उंचीवरून उतरून लगेच वर उसळण्याचा व्यायाम सोव्हिएत प्रशिक्षक युरी वर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात पद्धतशीर मांडला. त्यांच्यासमोर तयार, बलवान उडीपटू होते, हे विसरून तो व्यायाम लहान मुलांना दिला जातो. ही चूक आम्हीही केली आहे. सुरुवातीच्या वर्षी आम्ही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना जवळपास तीन फुटी ओट्यावरून उड्या मारायला लावल्या आणि काही आठवड्यांतच त्यांतील अनेकांच्या नडग्या दुखू लागल्या. त्या मुलांचा एक हंगाम वाया गेला, याची खंत आजही आहे. आता नवा खेळाडू दोरीवरच्या उड्या, जागेवरून लांब उडी आणि वीतभर उंचीचे अडथळे यांवर काम करतो. प्रत्येक वेळी पाय जमिनीवर टेकला की एक, अशी मोजणी ठेवून एका सत्रात साठ ते शंभरच्या पुढे जाऊ देत नाही. कान देऊन ऐकले तरी उडीचा दर्जा कळतो : पाय "टप्" असा टेकून सुटला तर ठीक, "धप्प" असा आवाज येऊ लागला, की पाय थकले आहेत आणि उड्या बंद.

लांब उडी घेणाऱ्या मुलाला हवेत उंच जाण्याची फार हौस असते. प्रत्यक्षात उत्तम उडीपटू फळीवरून साधारण २० अंशांच्या कोनात सुटतो, कारण त्याहून फार वर जाण्याच्या प्रयत्नात धावेचा वेग मोडतो आणि अंतर मुख्यतः वेगातूनच मिळते. माइक पॉवेलची १९९१ ची ८.९५ मीटरची उडी अजून कोणाला ओलांडता आलेली नाही. तीही आधी धाव होती आणि मग उडी. म्हणून आमचे उडीपटू आठवड्यातून दोन दिवस धावपटूंबरोबरच पळतात. तिहेरी उडीत एका पायावर शरीराच्या वजनाच्या दहा पटींहून अधिक भार क्षणभर येऊ शकतो, त्यामुळे पायांची ताकद पुरेशी झाल्याखेरीज तो प्रकार आम्ही पूर्ण धावेने करू देत नाही. उंच उडीसाठी सुसज्ज सोय नसल्याची खंत करणाऱ्यांना आम्ही नाशिक जिल्ह्यातील देवरगावच्या सर्वेश कुशारे यांचे उदाहरण देतो. मक्याचा भुसा वापरून केलेल्या गादीवर उड्या शिकलेला हा खेळाडू २०२५ साली टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी घेऊन सहावा आला.

आपल्याकडची जमीन, ऊन आणि जेवण

काळ्या मातीच्या रानात सराव करू नये. उन्हाळ्यात तिच्या भेगांत पाय मुरगळतो आणि पावसाळ्यात चिखल बुटाला चिकटून पाऊल जड होते. दाबलेला मुरूम किंवा सपाट गवत चांगले. डांबरी रस्त्यावर पूर्ण वेगाच्या धावा आणि उड्या मुळीच नकोत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्या दिवसांत सराव साडेपाचला सुरू होऊन साडेसातला संपतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० अंशांखाली गारठा असतो, तेव्हा गरमावणीला पंचवीस मिनिटे देतो.

आहारासाठी प्रथिन-पावडरीच्या महागड्या डब्यांची गरज नाही. शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे दीड ग्रॅम प्रथिने पुरतात आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, डाळी, शेंगदाणे, दूध, चालत असल्यास अंडी यांतून ती मिळतात. सरावानंतर रावेर-यावलची केळी आहेतच. बाजारातील पावडरींत बंदी असलेले घटक मिसळलेले असू शकतात आणि तपासणीत सापडल्यास जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.

प्रवेशापूर्वी

तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा प्रवेश आम्ही देत नाही, कारण त्याआधी ताकदीतला फरक धावेत उतरत नाही. पहिल्या दिवशी आणि नंतर दर सहा आठवड्यांनी ३० मीटर धाव व जागेवरून लांब उडी यांची नोंद पालकांना लेखी दिली जाते. ही वेळ हाताने दाबलेल्या घड्याळाची असते आणि ती विद्युत यंत्रापेक्षा साधारण पाव सेकंदाने कमी येते, त्यामुळे मोठ्या स्पर्धेतील वेळेशी तिची थेट तुलना करू नये. झपाट्याने उंची वाढत असलेल्या मुलाच्या गुडघ्याखाली दुखत असेल, तर ते अर्जात नमूद करावे; त्या काळात त्याच्या उड्या कमी करून बाकीचा सराव चालू ठेवता येतो. सोबत पाण्याची बाटली, सपाट तळाचे बूट आणि वजनांच्या दिवशी अंगावर नीट बसणारे कपडे आणावेत. खिळ्यांचे बूट पहिल्या तीन महिन्यांत विकत घेऊ नयेत; ती वेळ आली की मापासह आम्हीच सांगू.