कुलूप नेमकं कुठे आहे?

गेल्या दिवाळीत भाचीसाठी एक जुना लॅपटॉप घेतला. दुकानदाराने समोर चालू करून दाखवला, विंडोजचं चिन्ह उमटलं, मी पैसे मोजले. घरी येऊन पाहतो तर समुद्रकिनाऱ्यावरचा कुणाचा तरी हसरा फोटो आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. दुकानदाराला फोन लावला. "साहेब, लॉटमध्ये आलेला माल आहे. फॉरमॅट मारा ना!"

मारणारच होतो. पण त्याआधी डोक्यात आलं, की ही चौकट कुलूप आहे की नुसती पाटी?

चौकट कधी येते यावर बरंच कळतं. विंडोजचं चिन्ह दिसायच्याही आधी, काळ्या पडद्यावर पासवर्ड मागितला, तर तो मशीनच्या बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या, मशीनमध्येच बसवलेल्या प्रोग्रामचा. आयबीएमच्या १९८४ च्या 'पीसी एटी'मध्ये घड्याळ आणि सेटिंग्ज मिळून ६४ बाइटच्या एका चिपमध्ये राहायची आणि वीज गेल्यावर बॅटरीवर तग धरायची. पुढे बायोसचा पासवर्डही अशाच बॅटरीवरच्या स्मृतीत राहू लागला. म्हणून जुन्या डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ हा रुपयाच्या नाण्याएवढा सेल काढून ठेवला की पासवर्ड विसरला जायचा, आणि घड्याळही. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तो अशा चिपमध्ये असतो, जिला आठवण ठेवायला वीज लागत नाही. तिथे सेल काढून फक्त घड्याळ बिघडतं.

माझी चौकट विंडोजची होती. आता गंमत अशी, की खुद्द विंडोजलाही तो पासवर्ड माहीत नसतो. पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवण्याची चूक संगणकजगताने फार लवकर करून पाहिली. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६० च्या दशकात 'सीटीएसएस' नावाची प्रणाली होती, एकाच संगणकावर अनेकांनी काम करायची. १९६६ मध्ये तिथे दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि 'आजची सूचना' म्हणून प्रत्येकाच्या समोर सगळ्यांचे पासवर्ड छापून आले.

म्हणून आता पासवर्ड दळून ठेवतात. या दळणाला हॅश म्हणतात. पिठावरून दाणे परत मिळत नाहीत, पण तेच धान्य पुन्हा दळलं तर तेच पीठ पडतं. आपण टाइप केलेलं विंडोज दळतं आणि 'सॅम' नावाच्या फाइलमधल्या पिठाशी ताडून पाहतं. विंडोजचं हे जातं मात्र फार जुनं आहे, १९९० चं 'एमडी४'. शिवाय या पिठात मीठ नाही. हा विनोद माझा नाही. दळण्याआधी मिसळायच्या यादृच्छिक अक्षरांना जाणकार खरोखरच मीठ म्हणतात. मीठ नसल्यामुळे एकच पासवर्ड कुठल्याही घरी दळला तरी पीठ हुबेहूब तेच, आणि आजची ग्राफिक्स कार्डं सेकंदाला अब्जावधी अंदाज दळून पाहू शकतात.

पण मुळात एवढा खटाटोप कशाला? पाहुण्यांना दाराशी अडवणारा रखवालदार हे विंडोजचं काम. विंडोज सुरूच केलं नाही, पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजसारखीच दुसरी प्रणाली चालवली, तर रखवालदार झोपलेलाच राहतो आणि डिस्क उघड्या घरासारखी दिसते. डिस्क धड आहे का हे बघायला मी तेच केलं. पेन ड्राइव्ह सुरू होईना, म्हणून 'सिक्युअर बूट', म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय, बंद केलं. लिनक्स आलं, डिस्कपुढे मात्र छोटं कुलूप. परत विंडोज सुरू केलं, तर आता फोटोही गेला आणि निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची किल्ली मागितली गेली. आगीतून फुफाट्यात!

हे बिटलॉकर, विंडोजचीच एक सोय. त्यात डिस्कवरचा मजकूरच एन्क्रिप्ट होतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा बदलतो. एरवी किल्ली मशीनमधल्या टीपीएमकडे, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षित भागाकडे, असते आणि तो ती गुपचूप देतो, म्हणून मालकाला काही जाणवत नाही. मशीन सुरू होण्याच्या रीतीत बदल दिसला, की टीपीएम किल्ली दाबून ठेवतो. मी नेमका तोच बदल केला होता.

त्या ४८ आकड्यांची रचना मला फार आवडली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, आणि प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो. शाळेतली कसोटी आठवा: एकाआड एक अंकांच्या बेरजांमधला फरक शून्य किंवा ११ च्या पटीत यायला हवा. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही कसोटी हमखास मोडते. म्हणून गट चुकला की पडद्याला ते लगेच कळतं. भागाकार केल्यावर प्रत्येक गटातून १६ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे १६ अंक, उरतात. आठ गटांचे १२८. म्हणजे २ चा १२८ वा घात, इतक्या शक्य किल्ल्या. सेकंदाला एक लाख कोटी अंदाज केले, तरी सगळे संपवायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे ७८ कोटी पट वेळ लागेल. भाचीची परीक्षा मार्चमध्ये होती.

फोटोतला तो जुना मालक बहुधा काहीच न करता वाचला. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं आणि किल्ली मालकाच्या खात्यात जाते. पूर्वी हे नव्हतं. सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलात या दोन संशोधकांनी जुन्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन २००३ मध्ये निष्कर्ष छापले: चालू असलेल्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या.

बिटलॉकर मजकूर राखतो, मशीन नाही. डिस्क पुसायला किल्ली लागत नाही. विंडोजचा पेन ड्राइव्ह लावला, सगळी पार्टिशन्स उडवली, अर्ध्या तासात कोरं विंडोज. तरी वायफाय जोडताना माझा श्वास अडकला होता. कंपन्यांमधून आलेल्या लॅपटॉपची खूण कधीकधी मायक्रोसॉफ्टच्या 'ऑटोपायलट' सेवेत नोंदलेली असते. मग कितीही वेळा फॉरमॅट मारा, इंटरनेट मिळताच कंपनीचं नाव झळकतं आणि तिथल्या खात्याने साइन इन करायला सांगतं. कुलूप मशीनमध्ये नसून सर्व्हरवर असतं. ॲपलचं 'ॲक्टिव्हेशन लॉक' याच जातीचं. ते जुना मालकच काढू शकतो. त्यामुळे आता कुणी विचारलं तर सांगतो, पैसे द्यायच्या आधी दुकानातच रीसेट करायला लावा, स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि चहा मागवा.

माझ्या पडद्यावर कंपनीचं नाव आलं नाही. या मशीनला काय नाव द्यायचं, एवढंच विचारलं.