कुदळ, पिंजऱ्यातला पक्षी आणि कोसळणारं छत

गोव्यात, मुरगाव बंदराजवळच्या वास्कोत खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की काळं होतं. मग कोणीतरी म्हणतंच, ‘बिचारे खाणीत कुदळीनं हा कोळसा खणतात, कधी छत कोसळेल नेम नाही.’ ऐकून ऐकून ते खरंच वाटायला लागतं.

गोव्यात कोळशाची खाण नाही. डिचोली-साखळीकडच्या खाणी लोहखनिजाच्या, त्याही उघड्या. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा परदेशातला, बराचसा ऑस्ट्रेलियाचा, आणि पुढे रेल्वेनं कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणारा.

आता कुदळ. आधुनिक भूमिगत खाणीत ‘लाँगवॉल’ पद्धत असते. दोनशे-तीनशे मीटर लांब कोळशाच्या भिंतीवरून शिअरर यंत्र पुढे-मागे फिरतं. त्याच्या दातेरी चक्रांनी कोळसा सुटतो आणि साखळी-कन्व्हेयरवर पडतो. डोक्यावर हायड्रॉलिक आधारांची रांग. कापणी झाली की आधार एकेक करून खाली बसतात, पुढे सरकतात, पुन्हा छताला टेकतात. मागचं छत मुद्दामच पडू देतात! न पडता लटकून राहिलं तर उलट धोका, कारण भार पुढे येतो. ऑस्ट्रेलियात तर शिअरर बराचसा आपोआप चालतो.

हे नवंही नाही. झारखंडातल्या झरियाच्या मुनिडीह कोळसा खाणीत असे यांत्रिक आधार 1978 साली आले. खाणीतला विषारी वायू ओळखणारा पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी ब्रिटननं 1986 मध्ये निवृत्त केला. आता सेन्सर असतात.

अपघात अजूनही होतात, कोळशातून सुटणारा, पेट घेणारा मिथेन वायू काही यंत्राला भीत नाही. गजावरची काजळी मात्र बंदरातल्या हाताळणीची. तिचं गाऱ्हाणं खाणीकडे नेऊ नका.