पार्श्वभूमी : 1945चा नॉर्वे आणि नऊ वर्षं जुनी संसद

8 मे 1945ला जर्मनीने शरणागती पत्करली तेव्हा नॉर्वेत साडेतीन लाखांच्या आसपास जर्मन सैनिक होते, आणि देशाची लोकसंख्या होती जेमतेम तीस लाख. तरी ते सैन्य मुकाट्याने शस्त्रं टाकून बसलं. खरा पेच पुढचा होता. राज्य आता कोणी चालवायचं, आणि कोणत्या अधिकाराने?

त्याचं उत्तर पाच वर्षं मागे, एल्वेरुम या लहानशा गावात सापडतं. 9 एप्रिल 1940ला जर्मन फौजा चालून आल्या, तशी राजा, मंत्रिमंडळ आणि संसद (तिथे तिला स्टोर्टिंग म्हणतात) रेल्वेने ओस्लोबाहेर पडली. त्याच रात्री एल्वेरुमच्या घाईगर्दीच्या बैठकीत, संसदेचे अध्यक्ष हाम्ब्रो यांच्या सूचनेवरून, पुन्हा संसद भरेपर्यंत देशाचं हित पाहण्याचा पूर्ण अधिकार सरकारला देण्यात आला. दुसऱ्या दिवशी राजे हाकून यांनी मंत्र्यांना सांगून टाकलं की जर्मनांच्या मागणीप्रमाणे क्विस्लिंगला (हा त्यांना सामील झालेला नॉर्वेतला नाझी पुढारी) पंतप्रधान नेमायचं असेल तर मी गादी सोडतो. 7 जूनला राजा आणि सरकार लंडनला निघाले.

पुढचं पान मात्र अनेकदा उलटून टाकलं जातं, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. जूनमध्ये मागे राहिलेल्या संसदेच्या अध्यक्षमंडळाने जर्मनांच्या दबावाखाली राजाला पत्र लिहून पायउतार व्हायला सांगितलं. राजाने नकार दिला. तरी सप्टेंबरपर्यंत वाटाघाटी चालूच होत्या. शेवटी 25 सप्टेंबरला जर्मन कमिसार (म्हणजे जर्मनांनी नेमलेला प्रशासक) टेरबोवेनने क्विस्लिंगचा पक्ष सोडून बाकी सगळे पक्ष मोडीत काढले.

निवडून आलेले डगमगले तेव्हा बाकीच्यांनी टेकू दिला. डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांनी राजीनामे दिले. लोक कोटाला कागदाची साधी क्लिप लावून फिरू लागले: आम्ही एकमेकांना धरून आहोत, एवढाच तिचा अर्थ. त्या क्लिपवरही बंदी आली. 1942मध्ये हजारो शिक्षकांनी नाझी शिक्षक संघटनेत जायला एकाच मजकुराच्या पत्रांनी नकार कळवला. हजाराहून जास्त पकडले गेले आणि त्यांतले शेकडो जण पार उत्तरेला किर्केनेसला मजुरीसाठी धाडले गेले.

म्हणून 1945मध्ये 1936ला निवडलेली तीच जुनी संसद बोलवायची, हे प्रतिकार चळवळीतल्या अनेकांच्या घशाखाली उतरेना. पण कायद्याचा धागा तिच्याच हातात होता. ती जूनमध्ये भरली, आणि तिच्यासह सगळ्यांच्या 1940च्या वागणुकीची चौकशी करायला आयोग नेमला गेला. भूमिगत आघाडीचे प्रमुख, सरन्यायाधीश पॉल बर्ग यांना सरकार बनवता आलं नाही. ते जमलं आयनार गेरहार्डसेन यांना. पूर्वी रस्त्यावर मजुरी केलेला हा मजूर पक्षाचा नेता साक्सेनहाउझेन आणि ग्रिनीच्या नाझी छावण्यांतून सुटून आला होता. सर्व पक्षांनी एका समान कार्यक्रमावर सह्या केल्या आणि 8 ऑक्टोबरला निवडणूक झाली. मजूर पक्षाला 150पैकी 76 जागा मिळाल्या, कम्युनिस्टांना 11.

त्याच महिन्याच्या 24 तारखेला क्विस्लिंगला ओस्लोच्या आकेर्सहुस किल्ल्यात गोळ्या घातल्या. शांतताकाळातला मृत्युदंड नॉर्वेने 1902च्या कायद्यानेच काढून टाकला होता. देशद्रोह्यांसाठी तो परत आणणारे हुकूम लंडनमधल्या सरकारने काढले होते, आणि ते काढायचा अधिकार त्याला मिळाला होता एल्वेरुमच्या त्या रात्रीच्या बैठकीत.