पुढचा ब्रेक दाबला की सायकल उलटते?

गटाने सायकल चालवायला निघालेल्या नवख्यांना हमखास सांगितले जाते, की उतारावर पुढचा ब्रेक कधीही दाबू नये, सायकल उलटते. हा सल्ला काळजीपोटीच दिला जातो आणि त्यात थोडे तथ्यही आहे. तथापि तो जसाच्या तसा पाळणे रत्नागिरीजवळच्या आरे-वारेसारख्या उतारावर धोक्याचे ठरते.

ब्रेक लावताच सायकल व स्वार यांचा भार पुढच्या चाकावर सरकतो आणि मागचे चाक हलके होते, त्यामुळे केवळ मागचा ब्रेक दाबल्यास ते चाक लवकर अडकून घसरते व थांबायला बरेच जास्त अंतर लागते. गटात तर मोकळे अंतर पुढच्या सायकलीपर्यंतच असते! सायकल उलटते ती पुढचा ब्रेक कचकन आवळल्याने आणि अंग पुढे झुकू दिल्याने.

याची खात्री घरच्या अंगणातही करता येते. सायकलशेजारी चालत ती ढकलावी आणि केवळ मागचा ब्रेक दाबावा: चाक फरफटत जाते. मग केवळ पुढचा दाबावा: सायकल जागीच थांबते, मागचे चाक उचलू लागते. आपल्याकडे बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण तेही आधी तपासावे.

त्यानंतर मोकळ्या, सपाट रस्त्यावर दोन्ही ब्रेक हळूहळू वाढत्या दाबाने, पार्श्वभाग मागे सरकवून लावण्याचा सराव करावा. ओल्या जांभ्या दगडावर, वाळूवर किंवा वळणात मात्र पुढचा ब्रेक अगदी हलकाच ठेवावा आणि वेग वळणाआधीच कमी करावा.