हँगओव्हर आणि उतारा

दारू उतरत आल्यावर आणि उतरल्यावर होणाऱ्या त्रासाला हँगओव्हर म्हणतात. रक्तातला मद्यार्क शून्याच्या आसपास येतो तेव्हा हा त्रास सर्वांत जास्त असतो, म्हणजे बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी. तो चोवीस तासही रेंगाळू शकतो. डोके ठणकते, तोंडाला कोरड पडते, मळमळते, अंग मोडून येते, उजेड-आवाज नकोसा होतो आणि जीव विनाकारण धास्तावतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ‘डोकं धरलंय’ एवढे म्हटले तरी पुरते. त्यावरच्या इलाजाला, विशेषतः सकाळी सकाळी घेतलेल्या पेल्याला, ‘उतारा’ असा शब्द आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम असे पिण्याचे चार विकार वेगवेगळे सांगितले आहेत. त्यातले परमदाचे वर्णन (अंग जड, तोंड बेचव, तहान, डोकेदुखी, सांधे दुखणे) वाचले तर ते कालच लिहिल्यासारखे वाटते.

कारणे

यकृत मद्यार्काचे आधी ॲसिटाल्डिहाइड करते आणि मग त्याचे ॲसिटेट. मधला पदार्थ विषारी असतो, पण सकाळचे सगळे खापर त्याच्यावर फोडता येत नाही, कारण तोवर तो बराचसा निघून गेलेला असतो. मद्यार्काने शरीरात दाह उठतो आणि तापात येते तशी कणकण येते. जठराचे अस्तर चाळवते. व्हॅसोप्रेसिन हे लघवी रोखणारे संप्रेरक दबते, त्यामुळे १० ग्रॅम मद्यार्कामागे साधारण १०० मिलिलिटर जादा लघवी होते. झोप पटकन लागते, पण उत्तररात्री मोडते. पहाटे चारला डोळे टक्क उघडतात ते यामुळेच. दारूत मद्यार्काखेरीज इतरही अल्कोहोले व वासद्रव्ये उतरलेली असतात. गडद रंगाच्या आणि भट्टीच्या दारूत ती जास्त असतात, म्हणून तेवढ्याच मद्यार्काने व्होडकापेक्षा ब्रँडीने डोके जास्त धरते. मळीच्या मद्यार्कात रंग-वास मिसळून केलेली आपल्याकडची स्वस्त व्हिस्की या बाबतीत तुलनेने सौम्य असते. तरीही तिच्याने त्रास होतो, कारण ती जास्त प्यायली जाते.

मिसळल्याने चढते, बीअरवर व्हिस्की घेऊ नये, असे पुष्कळ जण सांगतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात बीअर आधी आणि वाइन नंतर, किंवा उलट, अशा क्रमाने काहीच फरक पडला नाही. घोळ होतो तो मोजण्यात.

हिशेब

व्हिस्की, रम, ब्रँडीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असते. कर्नाटकात टेट्रा पॅकात मिळणाऱ्या ९० मिलिलिटरच्या ‘नाईंटी’त ३० ग्रॅम मद्यार्क असतो, क्वार्टरमध्ये (१८० मिलिलिटर) सुमारे ६०. ६५० मिलिलिटरच्या ८ टक्के स्ट्राँग बीअरमध्ये ४१ आणि साध्या ५ टक्क्यांच्या बीअरमध्ये २६ ग्रॅम. शरीर तासाला साधारण ७-८ ग्रॅमच जाळते. काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, बेळगावची पहाटेची थंडी यांतल्या कशानेही हा वेग वाढत नाही.

रात्री नऊला बसून एक क्वार्टर आणि एक स्ट्राँग बीअर घेतली तर ते १०० ग्रॅमच्या पुढे गेले. उतरायला दुसऱ्या दिवशीचे पावणेदहा वाजतात. सात वाजता गाडी काढून चोर्ला घाटाने गोव्याला निघालेल्या ६० किलो वजनाच्या माणसाच्या रक्तात तेव्हा १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या घरात मद्यार्क असतो. कायद्याची मर्यादा ३० आहे. ‘रात्रीच उतरली’ हे त्याचे म्हणणे खरे नसते. बाईच्या अंगात पाणी तुलनेने कमी असते, त्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातले प्रमाण जास्त चढते.

उन्हाळ्यात गोव्याहून येणारे हुर्राक इथे अनेकांना फसवते. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस भाटीतून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. हुर्राक साधारण १५ टक्क्यांचे असते. लिंबू, मीठ, चिरलेली मिरची आणि लिंबू-सोडा घातला की ते सरबतासारखे जाते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत मात्र जवळजवळ ९० ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे दीड क्वार्टर व्हिस्की. वर सोड्यातल्या बुडबुड्यांनी ते लवकर भिनते.

टाळायचे कसे

खात्रीचा उपाय एकच, कमी पिणे. बाकी सगळ्याने धार बोथट होते, एवढेच. नाईंटीवर थांबणाऱ्याला सकाळी फारसा त्रास होत नाही. त्याहून जास्त होणार असेल तर जेवणाची वेळ बदलावी. आपल्याकडे जत्रेत असो की आखाडात, आधी खारे शेंगदाणे आणि फरसाणावर पिणे चालते आणि भाकरी-मटण बाराला वाढले जाते. हे उलटे आहे. अन्न आधी पोटात असेल तर जठर सावकाश रिकामे होते आणि दारू हळूहळू रक्तात जाते. बारा वाजता खाल्लेले मटण ही सोय करत नाही, उलट मळमळ वाढवते. खारा चखणा तहान वाढवतो आणि ती तहान पेल्यानेच भागवली जाते.

म्हणून बसण्याआधी निदान दीड भाकरी आणि आमटी किंवा रस्सा. दर पेल्यामागे एक पेला पाणी, ते पोटासाठी कमी आणि हात अडवण्यासाठी जास्त. ३० मिलिलिटर मोजून ओतावे. अंदाजाने ओतलेला ‘छोटा’ बहुतेक वेळा ४५ चा असतो. झोपण्याच्या तीन तास आधी थांबावे.

उतारा

सकाळच्या पेल्याने खरोखर थोडे बरे वाटते, आणि म्हणून तो घातक आहे. दारूत अल्पसा मिथेनॉल (मद्यार्काचाच एक विषारी भाऊबंद) असतो. यकृत आधी नेहमीचा मद्यार्क जाळते, मग त्या मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड आणि फॉर्मिक ॲसिड करते. नवा पेला हे काम पुढे ढकलतो, त्रास टळत नाही. २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हँगओव्हरवरच्या उपायांच्या चाचण्यांचा आढावा आला. एकाही उपायाचा ठोस पुरावा मिळाला नाही. लिंबू-सोडा, ताक, सोलकढी यांचे काम तहान भागवण्याचे.

त्यातल्या त्यात आंबील चांगली. चार चमचे नाचणीचे पीठ रात्री वाटीभर ताकात भिजवावे, सकाळी अर्धा लिटर उकळत्या पाण्यात धार लावून ओतावे आणि दहा मिनिटे हलवत शिजवावे, मीठ-जिरे घालावे. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात टाकले तर गुठळ्या होतात. पाणी, मीठ आणि पचायला हलके पीठ एकदमच मिळते. उलट्या होत असतील तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट-घोट. डोकेदुखीला लगेच पॅरासिटामॉल नको, यकृतावर ताण येतो. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन रिकाम्या पोटी नको, जठरातून रक्त येऊ शकते.

हँगओव्हर नसलेले काही

कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायीची (देशी दारूची) विक्री बंद आहे, पण चोरटी गावठी दारू मिळतेच. ती प्यायल्यावर बारा ते चोवीस तासांनी डोळ्यांपुढे पांढरे धुके आले, पोटात कळा उठल्या, दम लागला तर ती मिथेनॉलची विषबाधा समजावी आणि आंबील करत न बसता सरळ जिल्हा रुग्णालय गाठावे. तास दोन तासांच्या उशिराने दृष्टी जाऊ शकते. रात्री पडून डोक्याला मार लागलेल्याची गुंगी ‘उतरेल’ म्हणून सोडून देऊ नये. झोपलेला उलटी करत असेल तर त्याला कुशीवर वळवावे. रोज पिणाऱ्याचे हात सकाळी थरथरत असतील, घाम फुटत असेल आणि पेल्यानंतर ते थांबत असेल, तर ते व्यसन जडल्याचे आणि अंगातली दारू तुटल्याचे लक्षण आहे. अशाने एकदम दारू सोडली तर झटकेही येतात, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडावी लागते.